नमुन्याचा गोंडा

अहो, दार लावलं नाही मी.

काल तो आला तेव्हा उघडंच ठेवलं होतं. तुम्ही सांगितलं होतंत तसं. छातीत कळ येऊन तुम्ही आडवे झालात, मी चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणली, तर माझा हात धरून म्हणालात, "हेळवी येईल. तेव्हा दार लावू नकोस." दुसऱ्यांचे नवरे जाताना काय काय सांगून जातात. जपून राहा, दुखणं अंगावर काढू नकोस, अमक्याच्या आधारानं राहा. मला काय, तर दारोदार घराण्यांची नावं म्हणत फिरणाऱ्या हेळव्याला दार लावू नकोस. मी छाती शेकत बसले आणि मनात म्हटलं, आधी बरे तर व्हा, मग बघते तुमच्याकडं आणि तुमच्या हेळव्याकडं. तेवढी उसंत तुम्ही दिलीच नाहीत.

आता दुकानात बसलेय. गादीवर नाही, गादीच्या खाली, नेहमीच्या जागेवर, लोकरीची टोपली पुढ्यात घेऊन. गादीवर बसायला जीव होत नाही. कासरे, दावी, वेसणी, घुंगरमाळा, सगळं तुम्ही टांगलं होतं तसंच लोंबतंय. गिऱ्हाईक येतं, "मालक कुटं गेलं?" म्हणतं, मग माझ्या कपाळावर कुंकू नाही, नुसती विभूती आहे हे त्याच्या ध्यानात येतं आणि ते खाली बघत कासरा हाताळत राहतं. बैलाचं सामान घ्यायला आलेल्या माणसानं बाईला काय बोलावं? मग मीच भाव सांगते आणि मोकळी होते.

सकाळी गिरणीचा भोंगा होतो, मी उठते, आणि भाकरी जास्तच थापते. हात ऐकत नाहीत. उरलेली दुपारी ताकात कुस्करून खाते. लोकांना वाटतं, एकट्या बाईला भीती वाटत असेल. शेजारची येऊन विचारून जाते, सोबतीला येऊ का म्हणून. भीती कसली डोंबलाची. मला कुणी उलट बोलत नाही, हा त्रास आहे. मीठ जास्त झालं तरी कुणी काही म्हणत नाही, कमी झालं तरी नाही. दिवसभर घर नुसतं हो हो म्हणतंय असं वाटतं. तुमच्याशी भांडायची मला इतकी सवय होती की आता तोंडाला गंज चढेल.

हेळव्याचा राग मला का होता, ते तुम्हाला माहीत होतं. पण सगळं नव्हतं माहीत.

मागच्या खेपेला तो आला होता ते आठवतं ना? बैलावर बसून, बैलाच्या गळ्यात ती चिरकी घंटा, डोक्याला भला मोठा पटका. दारात बैल उभा केला आणि तुमच्या घराण्याची नावं म्हणायला लागला. पाटी नाही, कागद नाही, सगळं तोंडी. कुणी कुठली सून केली ते म्हणत नव्हता, पण कोण कुणाचा मुलगा, कुणाला किती मुलगे आणि कोण कुठं गेला ते सगळं त्याच्या जिभेवर. तुमचा पणजा दुधनीकडचा, भावाशी एका बैलावरून भांडला, अंबाडीच्या दोरांचं ओझं डोक्यावर घेऊन गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आला, पहिल्याच दिवशी सगळा माल खपला आणि तो परत गेलाच नाही. तुम्ही ऐकताना असे खुलला होतात, जसा काही पणजा तुमच्या मांडीवर खेळत होता. मी आतून चिडवलं सुद्धा, म्हटलं, बैलावरून घर सोडणारं घराणं, त्यात काय एवढं ताठ बसायचंय. तुम्ही हसलात. गल्लीतली चार माणसं जमली होती, तीही हसली.

मग तो तुमच्या आज्यावर आला, वडलांवर आला, तुमच्यावर आला. आणि थांबला. तुमच्याकडं बघून म्हणाला, "पुढं?"

तुम्ही म्हणालात, "पुढं काही नाही."

चार माणसांत म्हणालात. अगदी साधं, दुकानात वेसणी संपल्या म्हणून सांगावं तसं. तो म्हणाला, बरं, म्हंजी वेल हितं थांबला. मी आतून सुपात ज्वारी घेऊन निघाले होते, ती तशीच उलट पावली नेऊन कणगीत ओतली आणि दार धाडकन लावून घेतलं. तुम्ही बाहेर, हेळवी बाहेर, त्याचा बैल बाहेर. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पोटी मूल नाही हे मला रोज ठाऊक होतं, ते मला घंटा वाजवून कुणी सांगायला नको होतं. तुम्ही दोन दिवस मनवत होतात. दुसरी बायको करा असं सगळं गाव सांगत असताना तुम्ही केली नाहीत, तो विषय तुम्ही काढलाही नाहीत, हे मी विसरले नव्हते. पण त्या दिवशी "पुढं काही नाही" म्हणालात ते मला लागलं. मी म्हटलं, "पुढं मी आहे की. मी काय कासरा आहे का खुंटीवरचा?" तुम्ही म्हणालात, "बायकांची नावं ते घेत नाहीत गं, रीत आहे त्यांची." मी म्हटलं, मग मला नको त्यांची रीत.

आणि नावं घ्यायचीच म्हटलं तरी माझं काय घेणार होता तो? मला मागचं काही नव्हतंच.

तुम्ही मला मागणी घातलीत तेव्हा केमच्या अक्कव्वानं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. प्लेगचं वर्ष. केमच्या ठेसनावर आगगाडी थांबवून उतारूंना तपासायचे, ताप असेल त्याला उतरवून रुळापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचे. अक्कव्वा त्या शेडमध्ये भाकरी पोचवायची, तिचं रांडवपण त्याच्यावर चालायचं. तिथं एका मेलेल्या माणसाजवळ एक पोर पडलं होतं, तापानं फणफणलेलं. गळ्यात फडक्यात बांधलेलं लिंग दिसलं, आपल्या लिंगायतांतलीच पोर म्हणून तिनं उचललं, पदराखाली झाकून घरी आणलं आणि कुणी परत मागायला येईल या धास्तीनं मळ्यातल्या खोपीत दडवून ठेवलं. मी कितीतरी महिने बोलले नाही म्हणे. बोलले तेव्हा अक्कव्वाच्याच बोलीत बोलले. तिनंच गंगव्वा नाव ठेवलं. माझ्याजवळ माझं असं एकच होतं, हाताची एक सवय. लोकरीचा गोंडा वळला की शेवटचा पदर मी गाठ मारून बाहेर सोडत नाही, तो आत फिरवते, दातानं ओढते, की गोंडाच तो गिळून टाकतो. मग टोक दिसतच नाही. अक्कव्वा म्हणायची, मी हिला हे शिकवलेलं नाही.

तुम्हाला हे सगळं ऐकून चालत होतं. तुमच्या आईला चालत नव्हतं, पण तुम्ही ऐकलं नाहीत. लग्न झाल्यावर मात्र तुमच्या डोक्यात शिरलं की माझं माहेर शोधायचं. स्वतःचं घराणं पणज्यापर्यंत तोंडपाठ असलेल्या माणसाला बिनमाहेराची बायको बघवत नव्हती. केमला सापडली म्हणजे केमच्या आसपासचीच असणार, असं तुम्हीही धरलंत, अक्कव्वानंही धरलं होतं. सगळ्यांनीच धरलं. दुकान बंद ठेवून करमाळ्याकडं गेलात, बार्शीकडं गेलात. आणि एकदा वैरागच्या बाजारातून माझे मामा घेऊन आलात.

मामा! अजून हसू येतं आणि संतापही येतो. त्यांची एक बहीण प्लेगात गेली होती, तिला एक मुलगी होती, बस्स, तुम्हाला तेवढं पुरे झालं. आल्या आल्या माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. मीही रडले. मग जेवले, झोपले, उठून परत जेवले. मी रोज पुरण घालत होते. मला बघून म्हणायचे, हुबेहूब बहिणीचं नाक. मग आठवडाभरानं शेजारणीच्या नाकाकडं बघूनही तेच म्हणाले. जाताना बैलांसाठी घुंगरमाळांचा जोड घेऊन गेले आणि त्यांच्या त्या भाचीचं वय तुम्ही नीट विचारलंत तेव्हा कळलं, ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी असती. तुम्ही खाली मान घालून बसलात. मी म्हटलं, "मामा जेवून गेले, माहेर काही आलं नाही." तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी नीट चौकशी करीन. तेव्हा मी ओरडले. पुढची वेळ नाही, म्हटलं. या घरात माझ्या माहेराचं नाव निघालं तर मी केमला निघून जाईन.

तुम्हाला वाटलं, मामांमुळं माझी फजिती झाली म्हणून मी चिडले. तसं नव्हतं हो. मामांची गंमत मी चार बायकांना स्वतःच सांगितली असती. मला धास्ती वेगळीच होती, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही शोधता शोधता खरंच कुणी सापडलं तर? जिवंत, धडधाकट, आपापल्या घरात नांदणारी माणसं. मग मला विचारावं लागलं असतं, तुम्ही मला का नाही शोधलं? आणि त्यांनी काय उत्तर दिलं असतं? कुणी नाही असं मानून मी निभावत होते. कुणी आहेत आणि त्यांना मी नको होते, हे मला निभावलं नसतं. हे एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही समजून घेतलं असतंत. पण मला ओरडणं सोपं जायचं आणि तुम्हाला गप्प बसणं.

मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर तुम्ही माझा एक गोंडा दाराच्या चौकटीला टांगलात. लाल, निळा, पिवळा, बैलाच्या कपाळावर बांधायचा, मी वळलेल्यांतला चांगला मोठा. मी म्हटलं, एवढा चांगला गोंडा उन्हात कशाला सडवताय, विकून टाका की. तुम्ही म्हणालात, नमुना आहे. मी म्हटलं, नमुना काय वर्षानुवर्षं टांगायचा असतो? लाल रंग विटून विटकरी झाला, निळ्याचा राखी झाला, तरी तुम्ही तो काढू देईनात. एकदा मी काढून नवा बांधला तर तुम्ही नवा काढून पुन्हा तोच जुना लावलात. या गोंड्यावरून आपण किती भांडलो असू, त्याला सुमार नाही. मार्शल लॉच्या दिवसांत दुकानं बंद, खेड्यांतून कुणी शहराकडं फिरकत नव्हतं, तेव्हा तुम्ही अस्वस्थ होऊन फळीच्या फटीतून रस्ता बघायचात. मला वाटायचं, धंदा बसला म्हणून.

तुम्हाला मातीत बसवून आलो, दिवस झाले, आणि मी दुकान उघडलं त्या आठवड्यात मोहोळकडचा एक शेतकरी आला. जुनं गिऱ्हाईक. दारातल्या गोंड्याला हात लावून म्हणाला, "मालकांला घावलं का वो शेवटी?" मी विचारलं, काय घावलं? तो म्हणाला, मालक हर गिऱ्हाइकाला ह्यो गोंडा उलटा करून दाखवायचे आन् विचारायचे, असलं टोक गिळलेलं काम तुमच्याकडं कुटं करत्यात का? मी गेल्या चार खेपांत चार वेळा न्हाय म्हनलो बगा. एवढं बोलून त्यानं दोन दावी घेतली आणि गेला. मी आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. तुम्ही गेल्यावर धड रडले नव्हते, त्या दिवशी रडले. केवढा लबाड माणूस. माझ्या नाकासमोर, माझ्याच हातचा गोंडा टांगून, सगळ्या जिल्ह्याला विचारत होता आणि मला सांगत होता, नमुना आहे.

म्हणून काल घंटा ऐकली तेव्हा मी दार लावलं नाही. उठून उंबऱ्यात उभी राहिले.

हेळवी थकलाय आता. बैलावरून उतरला, माझ्याकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. डोक्याचा पटका सारखा केला, तुमची सगळी नावं म्हणाला, पणज्यापासून. तुमच्या नावापाशी त्याचा आवाज उतरला आणि तो थांबला. या खेपेला "पुढं?" म्हणाला नाही. मी सूप पुढं केलं, तर म्हणाला, "दाणं नगं अजून. मालकांचं एक काम माज्याकडं राह्यलंय."

त्यानं झोळीतून एक गोंडा काढला. माझ्या हातात ठेवला. माझा नव्हता. रंग वेगळे, हिरवा जास्त होता आणि लोकर जाडीभरडी. मी तो उलटा केला. टोक नव्हतं. मी बसले तिथंच उंबऱ्यावर, नखानं शेवटचा पेड उचकटला, फिरवत फिरवत बाहेर काढला, तर पदर आत वळवून गिळलेला, माझ्यासारखाच डाव्या अंगानं. मग काय झालं कुणास ठाऊक, तो पदर मी परत आत घातला आणि दातात धरून ओढला. तो म्हातारा बघत होता. म्हणाला, "तुजा भाऊ बी दातानंच वढतो."

तुम्हाला हे कळलं होतं. यंदाच्या गड्ड्याच्या जत्रेतच तुम्हाला त्यानं सांगितलं होतं, दुधनीच्या पलीकडं एका घरात असले गोंडे वळतात, आणि त्या घरातली एक पोर प्लेगात आगगाडीतनं गेली. दुधनी! तुमच्याच पणज्याच्या वाटेवर. आणि तुम्ही बार्शी-वैराग पालथं घालत होतात. गाडी कुठून आली हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, सगळे कुठं उतरवली तेवढंच धरून बसले. तुम्ही माझा एक गोंडा त्याच्याजवळ दिलात, म्हणालात, त्या घरात दाखवा आणि त्यांचा घेऊन या. घरी येऊन मला अवाक्षर बोलला नाहीत. मी हेळव्याला विचारलं, का? तो हसला. म्हणाला, मालक म्हनले, मी सांगितलं तर ती मला हाकलून दिल. तुमी दारात हुबं राहून म्हना. तुमाला बी हाकलील, पर दाराआडनं ऐकंल तरी.

दाराआडून ऐकलंच असतं मी. ओळखून होतात.

मग त्यानं विचारलं, "आता दुसऱ्या घरची नावं म्हनू का?"

बाजूला तुम्ही असता तर मी नको म्हटलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, ऐक तर खरं, आणि मी ऐकलं असतं. आता नको म्हणण्यात काही अर्थ नव्हता. कुणासाठी नको म्हणू? मी म्हटलं, म्हणा.

तो माझ्या माहेराची नावं म्हणायला लागला. ओळखीचं एकही नव्हतं. तुमचं घराणं ऐकताना तुम्ही कसे खुलायचात, मला तसं काही झालं नाही. अनोळखी माणसांची वरात दारावरून चाललीय आणि मी उभी आहे, तसं वाटलं. शेवटी आला चनप्पावर. चनप्पाचा मुलगा शरणप्पा, म्हणाला. आणि मग म्हणाला, मुलगी नागव्वा, हरवली.

मला काही आठवलं नाही हो. मी वाट बघितली. नागव्वा, नागव्वा, दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. काही नाही. पण एकदम ध्यानात आलं आणि मी त्याला विचारलं, तुम्ही तर बायकांची नावं घेत नाही ना?

"न्हाय घेत," तो म्हणाला. "पोरी दुसऱ्याच्या वेलावर जातात. पर तुजी आई बसव्वा लई खट. दान्याचं सूप छातीशी धरून हुबी राह्याची. नाव घेतल्याबिगर सूप रिकामं करायची न्हाय. मी 'मेली' म्हनलो एकदा, तर म्हनली, मेली म्हनू नगं. मी मढं बगितलं न्हाय. हरवली म्हन."

मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. माझा बाप चनप्पा आणि पोरगी पुरुषांच्या डब्यात, बसव्वा तान्ह्या शरणप्पाला घेऊन बायकांच्या डब्यात. केमला त्या दोघांना उतरवलं, तिला पत्ताच नाही. पुढच्या ठेसनावर कळलं तशी उतरली आणि रुळावरून चालत मागं आली, लेकरू काखेत. शेडमध्ये कुणीतरी सांगितलं, दोघंही गेली, पुरली. ती म्हणाली, पोरीचं दाखवा. दाखवायला कुणाजवळ काही नव्हतं. ती शेडच्या दारात बसून राहिली, हाकलली तरी परत येऊन बसली. नंतरही जेव्हा जमेल तेव्हा केमला जाऊन विचारून यायची. आणि मी तिथंच होते. मळ्यातल्या खोपीत, अक्कव्वाच्या पदराखाली. अक्कव्वानं तरी काय वाईट केलं? तिला वाटत होतं, मागायला येतील ते सरकारी लोक.

म्हणजे मला शोधलं होतं. अहो, मला शोधलं होतं. एवढी वर्षं ज्याला भीत होते ते नव्हतंच. एका बाईनं जन्मभर सूप आवरून धरलं होतं माझ्यासाठी. आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही गोंडा टांगून बसला होतात. आणि मी मधे बसून दोघांच्याही नावानं फुरंगटले होते.

ती गेली, तीन-चार सुगी झाल्या. शरणप्पा आहे, त्याची मुलं आहेत. त्यानं निरोप दिलाय, बहिणीला न्यायला येतो. येऊ दे की नको, काही कळत नाही. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. दोघं समोरासमोर बसून काय करणार, गोंडे वळणार? तुम्ही असता तर म्हणाला असता, जा, आणि मी म्हटलं असतं, नाही जात, आणि मग डबा बांधायला घेतला असता. आता जा म्हणायलाच कुणी नाही तर नाही कसं म्हणू?

हेळव्याचं अजून संपलं नव्हतं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, भरभर, आणि शेवटी आला. नागव्वा, हरवली. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पुढं?"

तोच शब्द. त्याच दारात. मी म्हटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, लावा तुम्हीच पुढचं. तो म्हणाला, "तसं चालत न्हाय. घरच्या मानसानं तोंडानं सांगायचं, मंग आमी जोडायचं. माज्या मनानं मी एक नाव घालत न्हाय."

मी म्हटलं, सापडली म्हणा. सोलापुरात सापडली.

तो म्हणाला, "कुनाची?"

गल्लीत पाच-सहा माणसं जमली होती. शेजारीण होती. मी तुमचं नाव कधी घेतलंय? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी चिमटे काढले म्हणून. एरवी अहो, नाहीतर "हे". गिऱ्हाइकाशी बोलताना मालक. दवाखान्यात नाव सांगायची वेळ आली तेव्हासुद्धा शेजाऱ्यांकडून सांगवलं होतं. शेजारीण माझी अडचण ओळखून पुढं झाली, म्हणाली, मी सांगते. मी तिला हातानं मागं सारलं. घरच्या माणसानं सांगायचं, असं तो म्हणाला होता. आणि घरचं माणूस आता मीच आहे.

तुमच्या घराण्यात तुम्ही शेवटचे. तिथं तो तुमच्यापाशी थांबणार, आणि पुढच्या खेपांना कदाचित या दारात येणारही नाही. पण माझ्या आईच्या दारात तो येत राहणार. तिथं पोरं आहेत, त्यांना पोरं होतील. बसव्वानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, तिथं दोघांना बसता येतं.

मी पदर सावरला आणि म्हटलं, "रेवणप्पाची. घुंगरवाल्या रेवणप्पाची."

त्यानं डोळे मिटून जोडून घेतलं आणि सगळं एकदा म्हणून दाखवलं. चनप्पाचा शरणप्पा, मुलगी नागव्वा, हरवली, सोलापुरात सापडली, घुंगरवाल्या रेवणप्पाची. बैलाला त्याचं काही नव्हतं, तो शेपटीनं माशा वारत होता. मी सूप त्याच्या झोळीत रिकामं केलं. मग आतून चांगल्या आवाजाची एक घंटा आणली, ती चिरकी सोडली आणि बैलाच्या गळ्यात नवी बांधली. ती तुम्ही फडक्यात गुंडाळून कुणासाठी बाजूला काढून ठेवली होती, ते मला काल कळलं.

तो गेला. घंटा कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. मग दुकानात मी आणि हे दोन गोंडे.

तुमचं नाव घेतलं मी, चारचौघांत. राग आला असेल तर या, आणि भांडा माझ्याशी.